अठरा व्होल्ट

तोदूरच्या घरी टीव्ही चार.
एक बैठकीत, त्याच्या गुडघ्यांसमोर.
एक स्वयंपाकघरात, पारस्केवाच्या भट्टीशेजारी, तेलकट.
एक सुनेचा.
एक नातवाचा, फुटबॉलपुरता जागा होणारा.
आणि अंगणात छत्री एकच,
द्राक्षाच्या मांडवातून मान वर काढून
दक्षिणेकडे बघत बसलेली.

मी सावा. कोमरातपासून उतारावरच्या
ह्या शेवटच्या घरापर्यंत
कुणाचंही चित्र गोठलं की फोन माझाच वाजतो.

"नवा रिसीव्हर दे," तोदूर म्हणाला.
"हा मेला बातम्या अर्ध्यावर गिळतो."
मी टेबलावर तीन खोके मांडले.
हा स्वस्त, साठवत काही नाही.
हा मधला, त्यात जुने कार्यक्रम राहतात.
हा महाग, पुढे निळी काच,
काय बिघडलं ते स्वतःच लिहून सांगतो.
तोदूरनं तिन्ही हातात तोलून पाहिले,
टरबूज तोलावं तसे,
आणि जड होता तो घेतला.

मग मी शिडी लावली.
छत्रीपासून तार खाली येत होती, एकच,
आणि पोटमाळ्यात तिला चार फाटे,
वीस लेयांचा जोड, वर काळी चिकटपट्टी.
तिथंच सगळं कळलं.

आभाळातून लहरी येतात त्या उभ्या आणि आडव्या.
कुठल्या हव्यात ते रिसीव्हर वर कळवतो,
शब्दांत नाही, विजेत.
तेरा व्होल्ट म्हणजे उभ्या. अठरा म्हणजे आडव्या.
एकाच तारेवरून दोघांनी दोन हुकूम सोडले
तर चालतो अठराचा.
तोदूरच्या बातम्या तेरावर.
पारस्केवाची तुर्की मालिका अठरावर.

"रिसीव्हर कुठलाही घ्या," मी खाली येऊन म्हटलं,
"छत्रीचं डोकं आधी बदलायला हवं.
चार तोंडांचं घालू. ज्याची तार त्याला.
कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात."
तोदूर खूश झाला. तळघरात वाइन काढायला गेला.

पारस्केवानं कोपरानं दार लोटलं.
"एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला.
ह्या घरात तो बोलायला लागला की
कोंबड्यासुद्धा गप्प होतात.
गेल्या हिवाळ्यात मी मालिका लावली
आणि पलीकडे तो ओरडला.
बंद केली, तर थंड झाला.
परत लावली.
सावा, तीनदा करून पाहिलं मी."

तिच्या बोटांना कणीक होती.
रिमोटवरही होती, वाळलेली,
एकाच बटणावर.

"रोज नाही रे.
सुनेला टाकून बोलला, की तेवढंच."

धंद्यात मी खोटं बोलत नाही.
पण शिडीच्या शेवटच्या पायरीवर, बुजाकच्या वाऱ्यात,
माणसाचं एखादं काम राहून जातं.
चार तोंडांचं डोकं बसवलं.
सुनेला वेगळी तार, नातवाला वेगळी.
बैठक आणि स्वयंपाकघर
जुन्याच जोडावर, नव्या चिकटपट्टीखाली.
चौथ्या तोंडावर रबरी टोपी दाबली,
पाऊस आत जाऊ नये म्हणून.
बिलात चारही धरली नाहीत. तीनच.

"अधूनमधून जाईल," मी म्हटलं,
"द्राक्षाची पानं आड येतात."
दोन पेले प्यालो. वाइन आंबटच होती.

नोव्हेंबरात फोन.
"सावा, पानं तर केव्हाच झडली.
तरी ह्या तुझ्या महागड्या खोक्यावर
निळ्या अक्षरांत येतं, सिग्नल नाही.
परवा आलं. काल जेवतानाही आलं."

मी विचारलं,
"तोदूरबाबा, त्याच्या जरा आधी
तुम्ही काय बोलत होता?"

पलीकडे बराच वेळ
नुसती भांडी वाजत राहिली.